सात नंबरचा बिल्ला

१

सकाळी सहाला, पहिली गाडी लागायच्या आधी, टाकीचं माप घ्यायचं, हा वर्कशॉपचा जुना शिरस्ता. शहराच्या कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, नाल्यांवर फिरणारे जेसीबी, सगळ्यांचं पोट इथल्या जमिनीखालच्या वीस हजार लिटरच्या टाकीवर चालतं. आणि त्या टाकीच्या पोटात आज किती डिझेल आहे, हे सांगायचं काम देवकी मेश्रामचं. साहेब बदलले, ठेकेदार बदलले, पण देवकीनं लिहिलेला आकडा सहा वर्षांत कोणाला खोडावा लागला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवायची असंही नाही.

काम तसं सोपं. जमिनीतून वर आलेल्या पाइपाचं पितळी झाकण फिरवून काढायचं. मापाची लांब सळई फडक्यानं कोरडी करायची, टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावायची आणि सळई हळूच आत सोडायची. तळाच्या पत्र्याला ती टेकली की 'टक' असं होतं. मग वर ओढायची, डिझेल कुठवर लागलं ते पाहायचं, तक्त्यावरून लिटर काढायचे आणि वहीत लिहायचे. हे सगळं तिला मारोतरावांनी शिकवलं नव्हतं. मारोतराव, म्हणजे तिचे यजमान, हेच काम तेवीस वर्षं करून गेले आणि त्यांच्या जागेवर अनुकंपेत ती लागली. शिकली ती त्यांच्या जुन्या वह्या वाचून.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. गेटबाहेरच्या ठेल्यावर पोह्यांची तर्री उकळत होती आणि तिचा वास टाकीपर्यंत येत होता. देवकीनं सळई सोडली. टक. आता वर ओढायची, एवढ्यात खालून सळईत आवाज आला. टक टक. जरा थांबून, टक.

कानापेक्षा तो हाताला जास्त कळला. ती तशीच वाकून उभी राहिली. मागच्या कचरागाडीच्या ड्रायव्हरनं भोंगा दिला आणि खिडकीतून डोकं काढलं.

"मावशी, झोप लागली का जी?"

देवकीनं सळई काढली, पुसली, आकडा लिहिला. मग पुन्हा खूण आठवली, तक्ता पाहिला, आणि स्वतःच्या हातानं तो आकडा खोडून दुसरा लिहिला. वहीतली ती खाडाखोड तिला दिवसभर दिसत राहिली.

२

देवकी काही घाबरट बाई नव्हती. घरात साप निघाला तर आधी झाडू शोधणारी. त्यामुळे तिनं आधी कारण शोधलं. पलीकडून मेट्रो जाते, तिचा हादरा असेल. पण सहाच्या सुमाराला मेट्रो जात नव्हती, ते ती दोन दिवस घड्याळ लावून पाहून आली. मग वाटलं, धुलाईच्या पंपाचा झटका असेल. पंप बंद करून माप घेतलं. टक, असं तिनं टेकवलं. आणि खालून टक टक, थांबून, टक.

पुढच्या गुरुवारी तिनं वेगळं केलं. सळई तळाच्या वितभर वर धरून ठेवली. काहीच झालं नाही. पाच मिनिटं तिनं ती तशीच धरली, हात भरून आले. मग टेकवली. उत्तर लगेच आलं, वाट पाहत बसलेल्या माणसानं द्यावं तसं.

त्याच दिवशी अश्लेषा मॅडम आल्या. पंचविशी-सव्विशीतली पोर, पाठीवर भली मोठी बॅग, हातात चेकलिस्ट. शहरानं नव्या नियमाप्रमाणे जमिनीखालच्या सगळ्या तेलटाक्यांची यादी केली होती. अग्निशमनच्या, दवाखान्यांच्या जनरेटरच्या, पाणीपुरवठ्याच्या, सगळ्या. नव्या, दुहेरी पत्र्याच्या टाक्या तपासून पास करायच्या. जुन्या, एकेरी पत्र्याच्या टाक्या रिकाम्या करून, धुऊन, वाळूनं भरून कायमच्या बंद करायच्या. नाहीतर त्या गळतात आणि मोहल्ल्याच्या विहिरींना डिझेलचा वास येतो. हे सगळं मॅडमनी देवकीला नीट समजावून सांगितलं, एकदाही न उखडता. देवकीला ती पोर तिथेच आवडली.

"ही यादीत सतरावी. बंद होणार, काकू. मार्चच्या वीस तारखेला वाळू."

"अशी टाकी आवाज करते का, मॅडम?"

"कसला आवाज?"

"आतून कोणी ठोकल्यासारखा."

"रात्री पत्रा गार होतो, सकाळी तापायला लागतो, मग वाजतो. चाळीस वर्षांची आहे ती. तुमचे गुडघे नाही वाजत?"

देवकी हसली, कारण गुडघे खरंच वाजायचे. पण ते दोन वाजून, थांबून, मग एक असे मोजून वाजत नव्हते.

३

ती थाप तिच्या ओळखीची होती. पहिल्याच दिवशी ओळखली होती तिनं. कारणं शोधत बसली होती ती ओळखल्यामुळेच.

इंदोऱ्यातल्या घराला बेल होती, पण मारोतराव ती कधी वाजवत नसत. किल्लीनं कडीवर ठोकायचे. दोनदा, थांबून एकदा. वर गल्लीच्या तोंडापासून शिट्टी वाजवत यायचे, म्हणजे शेजारच्या सुमतीबाईंनाही कळायचं की मेश्राम आला. मोठ्या आवाजाचा माणूस. भाजीत मीठ कमी असलं तर चार घरं ऐकतील असं सांगायचा, जास्त असलं तर आठ. भांडायचा, रुसायचा, आणि रुसवा निघाला की पोरीला, रितिकाला, खांद्यावर बसवून गल्ली फिरवायचा. देवकीनं त्या माणसाशी अकरा वर्षं संसार केला आणि त्यातली निम्मी वर्षं तोंड फुगवून काढली.

मग दोन हजार आठ साली टाकीची सफाई निघाली. त्याच आठवड्यात मॅनहोलचं झाकण पडून मारोतरावांचा उजवा अंगठा चेचला होता, नख काळंनिळं झालेलं. सकाळी देवकीनं हळद लावून वर जुन्या लुगड्याची पिवळी चिंधी बांधली. "आज उतरू नका," म्हणाली. "तू काय तिथली इन्चार्ज आहेस काय वं?" असं म्हणून, शिट्टी वाजवत ते गेले.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. एकदाच, आखूड.

दारात मारोतराव उभे होते. अंगाला डिझेलचा वास, तो तर नेहमीचाच. आत आले, गुमान जेवले. भाजीत मीठ घालायलाच ती विसरली होती, ते तिला स्वतः जेवताना कळलं. ते काही बोलले नव्हते. अंगठ्याला चिंधी नव्हती आणि नखही गुलाबी, साफ होतं. देवकीनं विचारलं तर त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, जसा तो आजच हातात आला आहे, आणि हसले. डॉक्टर म्हणाले, टाकीतल्या वाफेचा डोक्यावर थोडा परिणाम होतो, माणूस शांत होतो, काळजी करू नका.

नऊ वर्षांची रितिका आठ दिवस त्यांच्याजवळ गेली नाही. "बाबाचा वास वेगळा येते," म्हणायची. मग सवयीनं गेली.

त्यानंतरची अकरा वर्षं. काय सांगायचं त्यांचं? कधी आवाज चढला नाही. शिट्टी नाही, रुसवा नाही. देवकीला ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलणारा माणूस. रितिकाच्या दहावीला पहाटे उठून चहा करणारा. देवकी त्या माणसावर जीव लावून बसली, पहिल्यावर कधी लावला नव्हता इतका. दोन हजार एकोणीसला झोपेतच ते गेले तेव्हा ती जशी रडली, तशी आई गेली तेव्हाही रडली नव्हती. आणि त्या सगळ्या वर्षांत एकदाही, एकाही दिवशी, तिला वाटलं नव्हतं की तो भांडखोर, शिट्टी वाजवणारा माणूस परत यावा.

आता मापाची सळई घेऊन वाकलं की हेच तिच्या मनात येऊ लागलं. खाली कोणी असलंच, तर त्याला हे कळलं असेल का?

४

रविवारी ती खापरखेड्याला गेली. देवराव तिथं मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होते. दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसलेली, आणि देवराव ती झटकत बसलेले. मारोतरावांचे जुने जोडीदार. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"जय भीम, वहिनी. या जी, बसा."

"जय भीम, भाऊजी. वीस तारखेले टाकी बंद होऊन राहिली."

"आइकलं." ते टॉवेल झटकतच राहिले.

"दोन हजार आठच्या सफाईत वर तुम्ही होते ना?"

टॉवेल हातातच राहिला. टाकीत माणूस उतरवायचा तर वर्कशॉपात तीन गोष्टी पक्क्या होत्या, आणि त्या देवकीलाही पाठ होत्या. उतरणाऱ्यानं आपला नंबराचा पितळी बिल्ला वर फळीवरच्या खिळ्याला लावायचा. वर एक माणूस शेवटपर्यंत हलणार नाही. त्याला 'वरचा' म्हणायचे. आणि चढायची वेळ झाली की वरच्यानं एकेकाला नाव घेऊन हाक मारायची. आपलं नाव ऐकल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही, आणि वर आल्यावर आपला बिल्ला आपल्याच हातानं काढायचा. फळी रिकामी दिसली की मगच झाकण.

"तिघं उतरले होते," देवराव म्हणाले. "दोघाईले म्या हाक मारली, ते आले, बिल्ले काढले. मारोतराव तळ पुसून राहिला होता. म्या म्हटलं, पाच मिन्टं लागतेच त्याले. गेटवर चहा आला होता. गेलो मी. पाच मिन्टं, वहिनी, जास्त नाही."

"मंग?"

"परत आलो तं तो वर बसून. काठावर, हात पुसत. म्या म्हटलं, काहून गा, हाकेबिगर आला? तो हसला. म्या म्हटलं, बिल्ला काढ ना गा तुया. तं त्यानं फळीकडं असं पाह्यलं, जसं ते काय आहे हे त्याले कोणी सांगितलंच नाही. आन् चालला गेला गेटाकडं."

"आन् बिल्ला?"

देवराव उठले. ट्रंकेतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पितळी बिल्ला होता, सात नंबरचा, घासून घासून चकचकीत ठेवलेला.

"साहेब फळी पाहाले येत होते. वरचा जाग्यावर नव्हता हे कळलं असतं तं माई नोकरी गेली असती. म्या काढला अन् खिशात टाकला. झाकण लावलं. सतरा वर्षं झाली, कोणाले बोललो नाही." त्यांनी चांगल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "पण तो बराच होता ना, वहिनी? मागून?"

"बरे होते, भाऊजी," देवकी म्हणाली. "लई बरे होते." आणि तिथेच, राखेच्या दोरीखाली, तिला रडू आलं.

निघताना देवराव फाटकापर्यंत आले, बिल्ला तिच्या हातात ठेवला. "म्या हाक मारली नव्हती," एवढंच पुन्हा म्हणाले.

५

वीस तारखेपर्यंत टाकी उपसून झाली, धुऊन झाली. गाड्या दुसऱ्या पंपावर जाऊ लागल्या आणि वर्कशॉपचं आवार सकाळी विचित्र शांत वाटू लागलं. माप घ्यायला काही उरलं नव्हतं, तरी देवकी रोज सहाला सळई सोडायची. रिकाम्या टाकीत ती जास्तच खणखणीत वाजायची, आणि उत्तरही तसंच. शेवटच्या आठवड्यात तर ती टेकवायच्या आधीच खालून सुरू होई. टक टक, टक. टक टक, टक. जसा माणूस दारात उभा राहून कंटाळतो.

तिनं एकदा पाइपाला तोंड लावून विचारलं, "रागावलात का?" काही आलं नाही. ती वाट पाहत बसली. बऱ्याच वेळानं, हळूच, टक. एकच.

त्याचा अर्थ हो की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

वीसला अकरा वाजता वाळूचे दोन ट्रक आले. मॅनहोल उघडलेलं, आत ॲल्युमिनियमची शिडी लावलेली. अश्लेषा मॅडमनी दोरीला यंत्र बांधून आत सोडलं, आकडे पाहिले. वाफ नाही, हवा चांगली. मग दिवा सोडला. देवकी काठावर गुडघे टेकून वाकली.

आत काही नव्हतं. स्वच्छ, कोरडा, लालसर गंजाचा पत्रा. पाइपाच्या बरोबर खाली पैशाएवढा एक ठिपका चकाकत होता, चाळीस वर्षं सळई टेकून टेकून झालेला. त्याला लागून दोन जागी मात्र गंज चढलाच नव्हता. लांबट, शेजारी शेजारी, पुरुषाच्या पावलांच्या मापाच्या.

"मॅडम, ते काय आहे?"

"गंज सगळीकडे सारखा चढत नाही, काकू." मॅडमनी फोटो घेतला आणि फॉर्म पुढे केला. "इथं सही. साठा शून्य. आणि खाली हे: टाकीत कोणी माणूस नाही, याची मी खात्री केली आहे. तुम्ही साठ्याच्या इन्चार्ज, म्हणून आधी तुमची लागते. ती झाली की वाळू सोडतील."

इन्चार्ज. देवकीनं पेन हातात घेतलं. सहा वर्षांत तिनं खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. ट्रकवाल्यानं मागचा फाळका उघडायला घेतला, साखळी खळखळली, आणि त्या आवाजाखाली, टाकीतून, अगदी घाईघाईनं: टक टक, टक. टक टक, टक.

मॅडमनी मान वळवली. "ऊन लागलं की वाजतो पत्रा," त्या म्हणाल्या, पण जरा थांबून म्हणाल्या.

"मॅडम, मले दहा मिन्टं द्या."

"कशाला?"

"एक हाक माराची राह्यली आहे."

अश्लेषा मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोणास ठाऊक, पण त्यांनी फॉर्म मिटला. ट्रकवाल्याला हात करून म्हणाल्या, "दहा मिनिटं चहा घ्या सगळे." आणि स्वतःही गेटाकडे गेल्या, पाठ करून फोन कानाला लावला.

६

फळी अजून स्टोअरच्या मागच्या भिंतीला होती. देवकीनं ती उचलून आणली, मॅनहोलजवळ टेकवली आणि सातव्या खिळ्याला बिल्ला लावला. मग वरच्याच्या जागी बसली, काठाला, मांडी घालून. ऊन चांगलं चढलं होतं. टाकीतून गार हवा वर येत होती, डिझेलची, आणि तिच्यात कुठेतरी हळदीची.

तिनं नवऱ्याला नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती. पहिल्याला नाही, दुसऱ्यालाही नाही. 'अहो' आणि 'रितिकाचे बाबा' एवढ्यावर बावीस वर्षं भागलं होतं. ती मॅनहोलवर जरा वाकली.

"मारोतराव," ती म्हणाली. स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही.

खाली शांत होतं.

तिला भीती वाटत होती, आणि ती भुताची नव्हती. हा माणूस वर येईल आणि विचारेल, इतकी वर्षं लागली का वं तुले? आणि ती काय सांगणार? की तुमच्या जागी आला तो तुमच्याहून बरा होता, म्हणून मी कधी खाली वाकून पाहिलं नाही? ती म्हणाली, "मले माहीत नव्हतं हो." मग वाटलं, हे खरं नाही. सहा वर्षं एकही आकडा खोटा लिहिला नाही, तर आज कशाला. "माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या रात्रीच माहीत होतं, अंगठा पाह्यला तेव्हाच. मी काही बोलली नाही. मले सुख लागलं होतं. चुकलं माझं."

मग तिनं श्वास घेतला आणि वर्कशॉपात हाक मारतात तशी, पूर्ण नावानं, मोठ्यानं मारली.

"मारोतराव गोविंदराव मेश्राम. वर या."

शिडी हलली. थोडीशीच. मग सगळ्यात खालची पायरी वाजली, तिच्यावर कोणी वजन टाकल्यासारखी. दुसरी. देवकी मोजत होती, नऊ पायऱ्या होत्या. चौथीला थांबला आवाज, दम घ्यायला थांबावा तसा. पाचवी. सहावी. आतल्या दिव्याच्या उजेडात शिडी रिकामी होती. ती पाहत होती आणि शिडी रिकामी होती, आणि आठवी पायरी तिच्या डोळ्यांसमोर दबली.

मग मॅनहोलच्या कडेवर, अंधाराच्या बाजूनं, एक अंगठा आला. पिवळी चिंधी बांधलेला. गाठ तिचीच होती, घाईत मारलेली, आणि चिंधीची हळद अजून ओली होती.

देवकीनं डोळे मिटले. वरच्यानं बाजूला सरकायचं असतं, येणाऱ्याला जागा द्यायची असते. ती सरकली. गार हवा तिच्या खांद्याला घासून वर आली, पण लगेच निघून गेली नाही. क्षणभर तिथे थांबली.

डोळे उघडले तेव्हा फळी रिकामी होती. सातवा खिळा नुसता होता.

"काकू?" मॅडम आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं. "झालं?"

"झालं," देवकी म्हणाली आणि सही केली. वाळू पडायला लागली तेव्हा ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. वाळूखेरीज कसलाही आवाज आला नाही.

७

साडेचारला तिनं स्कूटी काढली. किल्ली फिरवली, आरसा नीट केला, आणि मागची बाजू जरा खाली बसली, कोणी बसल्यावर बसते तशी. देवकीनं आरशात पाहिलं नाही.

"धरून बसा," ती म्हणाली. "रस्ता खोदून ठेवला आहे पुढं."

गाडी जड चालत होती. कामठी रोडला गतिरोधकांवर तिनं वेग अगदी कमी केला. सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या कानामागे, अगदी जवळ, शिट्टी सुरू झाली. सूर जरा हललेला, खूप दिवसांत न वाजवल्यासारखा. शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून पाहिलं, देवकीकडे पाहून हसला. एवढी वयस्क बाई आणि शिट्टी वाजवते, असं त्याला वाटलं असावं. देवकीही हसली. तिचे डोळे भरून आले होते आणि सिग्नल हिरवा झालेला तिला उशिरा दिसला.

घरी आल्यावर तिनं कुलूप काढलं, आत गेली, आणि दार लोटून घेतलं. तसंच करायला पाहिजे होतं. तो माणूस कधी उघड्या दारानं आत येत नसे. समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मारोतरावांचा फोटो होता, हार घातलेला. शांत चेहरा, बारीक हसू. फोटो दोन हजार अकरामधला. म्हणजे दुसऱ्यांचा. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. पहिल्यांचा एकही फोटो घरात लावलेला नव्हता.

ती फोटोसमोर उभी राहिली. "ते आले आहेत," तिनं सांगितलं. "मी आणलं. तुम्ही रागावू नका. तुमच्यावर जीव आहे माझा, तो काही कमी होत नाही." पदरानं काच पुसली. काचेला आतून गार वाफ धरली होती, ती निघाली नाही.

कडीवर थाप पडली. टक टक. थांबून, टक.

"आली, आली," देवकी म्हणाली. ती दाराकडे निघाली. दोन पावलं गेली असेल, तेवढ्यात बेल वाजली.

एकदाच. आखूड.

देवकी मधल्या खोलीत उभी राहिली. बाहेर कोणी बोलत नव्हतं. भांडत नव्हतं. दाराच्या खालच्या फटीत संध्याकाळच्या उन्हाची पट्टी होती आणि ती दोन ठिकाणी अडली होती, शेजारी शेजारी, दोन माणसं जवळ जवळ उभी असल्यासारखी.

ती वळली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला. पातेल्यात तीन कप पाणी मोजून घातलं, एकाचं भाजीतल्या मिठावरून ओरडणं आठवून साखर जरा जास्तच टाकली. मग हात पुसत पुसत दार उघडायला गेली.